नौकेतील बॅटरी कट-ऑफ स्विच

बॅटरी कट-ऑफ स्विच हा नौकेतील बॅटरी आणि तिच्यावर चालणारी विद्युत यंत्रणा यांच्यातील जोडणी हाताने तोडण्यासाठी व पुन्हा जोडण्यासाठी वापरला जाणारा खटका आहे. त्याला बॅटरी विलगक, बॅटरी खटका किंवा नुसते मेन स्विच असेही म्हणतात. आग किंवा शॉर्टसर्किटच्या वेळी संपूर्ण यंत्रणा एका हालचालीत निर्विद्युत करणे, नौका उभी असताना बॅटरी उतरू न देणे आणि दुरुस्ती सुरक्षितपणे करता येणे ही त्याची तीन मुख्य कामे आहेत. आधुनिक नौकांमध्ये हा स्विच बांधणीच्या वेळीच बसवलेला असतो. अनेक जुन्या नौकांमध्ये मात्र तारा थेट बॅटरीच्या अग्रांना जोडलेल्या आढळतात व तेथे तो नंतर बसवावा लागतो.

महाराष्ट्रात हा विषय किनारपट्टीवरील मासेमारी नौकांपुरता मर्यादित नाही. वर्धा जिल्ह्यासारख्या अंतर्गत भागात जलाशयांवरील यंत्रचलित नौका आणि पूरस्थितीत वापरल्या जाणाऱ्या बचाव नौका यांनाही तो लागू होतो. अशा नौका वर्षाचा बराच काळ उभ्या असतात आणि गरज पडते तेव्हा त्या तत्काळ सुरू होणे आवश्यक असते.

गरज

नौकेत वापरली जाणारी १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी हाताला झटका देत नाही, त्यामुळे ती निरुपद्रवी समजली जाते. प्रत्यक्षात धोका विद्युतदाबाचा नसून विद्युतधारेचा असतो. पूर्ण प्रभारित बॅटरीचा अंतर्गत रोध काही मिलिओहम इतकाच असतो. तो ५ मिलिओहम धरल्यास, दोन्ही अग्रे एकमेकांना थेट जोडली गेल्यावर सुमारे २,५०० अँपिअर विद्युतधारा वाहू शकते. एवढ्या धारेने तार काही क्षणांत लाल होते, तिचे आवरण पेटते आणि लगतचे लाकूड किंवा फायबरग्लास आग पकडते. रस्त्यावरील वाहनाला आग लागल्यास उतरून दूर जाता येते. पाण्याच्या मध्यभागी असलेल्या नौकेत तो पर्याय नसतो.

दुसरे कारण बॅटरीचा सूक्ष्म अपव्यय हे आहे. इंजिन बंद असतानाही जीपीएस, रेडिओ संच, गजर यंत्रणा किंवा ओल आलेल्या जोडण्या यांतून थोडी विद्युतधारा वाहत राहते. ही धारा ५० मिलिअँपिअर धरली तर एका दिवसात १.२ अँपिअर-तास इतका प्रभार खर्च होतो. पश्चिम किनाऱ्यावर केंद्र सरकारने ठरवलेला पावसाळी मासेमारी बंदीचा काळ १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा आहे. तेवढ्या काळात हाच खर्च सुमारे ७३ अँपिअर-तास होतो, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ रिकामी होते. रिकाम्या अवस्थेत राहिलेल्या शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक तयार होतात. या क्रियेला सल्फेशन म्हणतात. ती बळावल्यास बॅटरी पुन्हा पूर्ण प्रभार घेत नाही.

तिसरे कारण गंज हे आहे. धन तारेचे आवरण फाटून ती तळाशी साचलेल्या पाण्याला टेकली, तर विद्युतधारा पाण्यातून पंख्याचा दांडा, सुकाणूचे भाग व इतर धातूच्या जोडण्यांकडे वाहते. या भरकटलेल्या धारेमुळे धातू नेहमीच्या गंजापेक्षा कितीतरी वेगाने झिजतो. खाऱ्या पाण्याची वाहकता जास्त असल्याने तेथे हानी जलद होते, पण गोडे पाणीही त्यापासून पूर्णपणे मुक्त नसते.

वर्धा जिल्ह्यातील संदर्भ

वर्धा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावणारी वर्धा नदी जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वाहते. बोर, धाम, वणा आणि यशोदा या जिल्ह्यातील इतर नद्या आहेत. बोर, धाम आणि निम्न वर्धा हे येथील प्रमुख जलाशय आहेत. विदर्भातील जलाशयांवर मासेमारीसाठी वल्ह्याने चालणारे डोंगे व लहान होड्या वापरल्या जातात. त्यांत बॅटरीच नसल्याने हा विषय तेथे उद्भवत नाही. यंत्रचलित नौकांची गरज मुख्यतः जलाशयांची पाहणी, पर्यटन आणि पूर बचाव यांसाठी असते.

पूर बचावाच्या दृष्टीने वर्धा नदीच्या खोऱ्याचा इतिहास महत्त्वाचा आहे. ३० जुलै १९९१ रोजी याच नदीच्या पुरात नागपूर जिल्ह्यातील मोवाड गावात दोनशेहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. जुलै २०२२ मधील अतिवृष्टीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट परिसराला पुराचा फटका बसला. येथे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे बचाव नौका मागील पावसाळ्यानंतर आठ-नऊ महिने बहुधा वापराविना असते आणि नंतर एखाद्या रात्री अचानक लागते.

या आठ-नऊ महिन्यांत विदर्भाचा उन्हाळा येतो. वर्धा येथे मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. शिसे-आम्ल बॅटरीचा स्वयंविसर्जनाचा वेग तापमानात दर १० अंशांची वाढ झाल्यावर साधारण दुप्पट होतो. उष्णतेत बॅटरीतील पाणीही लवकर कमी होते. स्वयंविसर्जनाच्या जोडीला तारांमधील अपव्यय असेल, तर पावसाळ्याच्या तोंडावर बॅटरी निकामी होण्याची शक्यता वाढते. कट-ऑफ स्विच यांपैकी दुसरे कारण दूर करतो, पहिले नाही.

रचना व कार्य

स्विचच्या बंद डबीत तांब्याचे किंवा पितळेचे दोन जाड संपर्क असतात. मूठ फिरवल्यावर स्प्रिंगच्या दाबाखालील धातूची पट्टी हे संपर्क जोडते किंवा तोडते. बाहेरच्या बाजूस ८ किंवा १० मिलिमीटर व्यासाचे आट्याचे खांब असतात. त्यांवर जाड तारांची थिंबले नटाने आवळली जातात.

घरगुती प्रत्यावर्ती विद्युतधारेचा खटका या कामासाठी योग्य नसतो. प्रत्यावर्ती धारा प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येते, त्यामुळे संपर्क उघडताना पडणारी ठिणगी विझते. बॅटरीतून मिळणारी धारा एकदिश असते व ती आपोआप शून्यावर येत नाही. म्हणून एकदिश धारेसाठी बनवलेल्या स्विचमध्ये संपर्क वेगाने व पुरेशा अंतरावर दूर नेण्याची व्यवस्था असते.

संपर्काचा रोध हा स्विचच्या गुणवत्तेचा निकष आहे. स्टार्टर फिरवताना २०० अँपिअर धारा वाहत असेल आणि संपर्काचा रोध १ मिलिओहम असेल, तर स्विचवरच ०.२ व्होल्ट खर्च होतात व ४० वॅट उष्णता निर्माण होते. गंजलेल्या संपर्काचा रोध याहून अनेक पट होतो. अशा वेळी बॅटरी चांगली असूनही स्टार्टर संथ फिरतो आणि दोष बॅटरीला दिला जातो.

प्रकार

• चालू-बंद स्विच : एका बॅटरीसाठी किंवा समांतर जोडलेल्या बॅटरी संचासाठी वापरला जाणारा सर्वांत साधा प्रकार. लहान व जुन्या नौकांसाठी तो सहसा पुरेसा असतो.

• चार स्थितींचा निवडक स्विच : यात ‘बंद’, ‘१’, ‘२’ आणि ‘दोन्ही’ अशा स्थिती असतात. दोन बॅटऱ्यांपैकी एक निवडता येते किंवा दोन्ही जोडता येतात. स्विच चुकून ‘दोन्ही’वर राहिल्यास दिवे व रेडिओ दोन्ही बॅटऱ्या उतरवतात आणि इंजिन सुरू करण्यासाठी काहीच शिल्लक राहत नाही.

• द्विध्रुवी स्विच : धन व ऋण अशा दोन्ही तारा एकाच वेळी तोडतो. ज्या धातूच्या नौकांमध्ये विद्युत यंत्रणा नौकेच्या सांगाड्यापासून पूर्णपणे अलग ठेवलेली असते, तेथे तो वापरला जातो.

• दूरनियंत्रित स्विच : बॅटरीजवळ असलेले विद्युतचुंबकीय साधन सुकाणूजवळच्या बटणाने चालवले जाते. बॅटरी अडचणीच्या जागी असल्यास तो उपयोगी ठरतो; मात्र बटण निकामी झाल्यास हाताने चालवण्याची सोय त्यात असावी लागते.

बॅटरीच्या अग्रावर थेट बसणारा, उघड्या पात्याचा स्विच ट्रक व ट्रॅक्टरवर दिसतो. त्याची ठिणगी उघडी असते. पेट्रोलची वाफ किंवा बॅटरीतील हायड्रोजन वायू साचण्याची शक्यता असलेल्या नौकेच्या बंद खणात तो धोकादायक ठरतो.

जुन्या नौकांमधील अडचणी

जुन्या नौकेची विद्युत यंत्रणा बहुधा एका आराखड्यानुसार उभी राहिलेली नसते. मूळ इंजिनाच्या तारांमध्ये वर्षानुवर्षे दिवे, पंप, रेडिओ, मासे शोधणारे यंत्र आणि भ्रमणध्वनी प्रभारक यांची भर पडत जाते. प्रत्येक नवे उपकरण सर्वांत सोप्या जागी, म्हणजे बॅटरीच्या अग्रावरच जोडले जाते. परिणामी एका अग्रावर अनेक थिंबले एकावर एक चढतात, काही तारांना फ्यूज नसतो आणि कोणती तार कोठे जाते हे नौका चालवणाऱ्यालाही माहीत नसते.

अशा नौकेत स्विच बसवण्याचे काम खटक्यापासून सुरू होत नाही, तर तारांच्या नोंदीपासून सुरू होते. एखादी तार स्विचच्या आधी राहून गेली, तर स्विच बंद केल्यावरही ती जिवंत राहते आणि नौका निर्विद्युत झाल्याचा खोटा विश्वास निर्माण होतो. उलट तळाचे पाणी उपसणारा पंप नकळत स्विचच्या पुढे गेला, तर बंद करून ठेवलेली नौका पावसाच्या किंवा गळतीच्या पाण्याने भरून जागेवरच बुडू शकते.

स्विचमधून जाणाऱ्या व न जाणाऱ्या जोडण्या

कोणत्या जोडण्या स्विचच्या नियंत्रणात आणायच्या आणि कोणत्या त्याच्या आधी ठेवायच्या, हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो. स्टार्टर, इंजिनाची नियंत्रण पाटी, दिवे, रेडिओ व इतर सर्व सामान्य उपकरणे स्विचनंतर जोडली जातात. पुढील मोजक्या जोडण्या मात्र स्विचच्या आधी, थेट बॅटरीकडून घेण्याची मुभा असते :

१. तरंगत्या खटक्यावर आपोआप चालणारा बिल्ज पंप, म्हणजे नौकेच्या तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप;
२. पाणी, धूर किंवा वायूची सूचना देणारी गजर यंत्रणा;
३. पेट्रोल इंजिनाच्या खणातील वाफ बाहेर टाकणारा पंखा;
४. स्मृती टिकवण्यासाठी सतत सूक्ष्म धारा लागणारी उपकरणे;
५. नौका उभी असताना बॅटरी प्रभारित ठेवणारा सौर किंवा इतर प्रभारक.

यांपैकी प्रत्येक तारेला बॅटरीजवळच स्वतंत्र फ्यूज असणे ही या सवलतीची अट आहे. स्विच या तारांचे रक्षण करत नसल्याने त्यांचे रक्षण केवळ फ्यूज करतो.

बिल्ज पंप थेट जोडल्यावरही बॅटरीची मर्यादा कायम राहते. ३ अँपिअर घेणारा पंप अखंड चालल्यास १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा निम्मा प्रभार साधारण १६ ते १७ तासांत संपतो. त्यामुळे गळकी नौका केवळ पंपाच्या भरवशावर दीर्घकाळ सोडता येत नाही. वापरात नसलेली लहान नौका पाण्याबाहेर, शेडमध्ये ठेवणे शक्य असेल तेथे तो अधिक खात्रीचा उपाय असतो.

स्विचची निवड

स्विचवर सहसा तीन क्षमता लिहिलेल्या असतात : अखंड वाहणाऱ्या धारेची, काही मिनिटांच्या धारेची आणि इंजिन सुरू करतानाच्या काही सेकंदांच्या धारेची. यांपैकी केवळ सर्वांत मोठा आकडा पाहून निवड केल्यास चूक होते. अखंड क्षमता ही सर्व उपकरणांच्या एकत्रित धारेपेक्षा व अल्टरनेटरच्या प्रभारण धारेपेक्षा जास्त असावी लागते. सुरू करण्याची क्षमता ही स्टार्टरच्या गरजेपेक्षा जास्त असावी लागते. डिझेल इंजिनात संपीडन जास्त असल्याने त्याच्या स्टार्टरला तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल इंजिनापेक्षा अधिक धारा लागते.

पेट्रोलवर चालणाऱ्या नौकेत स्विच इंजिनाच्या किंवा इंधनटाकीच्या खणात असेल, तर तो ज्वलनरोधक प्रकारचा असणे आवश्यक असते. अशा स्विचमधील ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोहोचत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती नौकेच्या तळाशी साचते. डिझेलची वाफ सामान्य तापमानाला सहजासहजी पेट घेत नाही. परंतु प्रभारणाच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर गेले की मिश्रण स्फोटक बनते. त्यामुळे डिझेल नौकेतही बॅटरीचा खण हवेशीर असावा लागतो व स्विच बॅटरीच्या अगदी वर बसवणे टाळले जाते.

जागा

स्विच बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा, कारण बॅटरी व स्विच यांच्यामधील तार स्विच बंद असतानाही जिवंत असते. त्याच वेळी तो आगीच्या प्रसंगी हाताशी येणे गरजेचे असते. इंजिनाच्या झाकणाखाली बसवलेला स्विच जवळ असला तरी, इंजिनालाच आग लागल्यावर झाकण उघडावे लागते आणि आगीला ताजी हवा मिळते. म्हणून बॅटरीच्या खणाबाहेर, लगतच्या भक्कम आडभिंतीवर, तळाच्या पाण्यापासून उंच आणि सामान किंवा जाळे अडकणार नाही अशा जागी तो बसवला जातो. ‘चालू’ व ‘बंद’ या स्थिती अंधारातही ओळखता येतील अशी खूण असणे उपयुक्त असते.

तारा व जोडण्या

स्टार्टरसाठी लहान नौकांत बहुधा ३५ किंवा ५० चौरस मिलिमीटर छेदाची बहुतंतू तांब्याची तार वापरतात. अचूक जाडी धारेवर आणि जाऊन-येऊन होणाऱ्या एकूण लांबीवर ठरते. तंतूंवर कथिलाचा मुलामा असलेली तार ओलाव्यात अधिक टिकते. घरगुती ॲल्युमिनियमची तार कंपनामुळे सैल होते व लवकर गंजते, त्यामुळे ती वापरली जात नाही.

तारेची धारावहन क्षमता सभोवतालच्या तापमानावरही अवलंबून असते. नौकांसाठीच्या अमेरिकन कोष्टकांत इंजिन खणाबाहेरील तारांसाठी ३० अंश आणि इंजिन खणातील तारांसाठी ५० अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरलेले असते. वर्ध्यासारख्या ठिकाणी उन्हाळ्यात बाहेरचेच तापमान ४५ अंशांच्या वर जात असल्याने, दीर्घकाळ धारा वाहणाऱ्या तारांसाठी दुसरे, म्हणजे इंजिन खणाचे कोष्टक वापरणे अधिक सुरक्षित ठरते.

थिंबल योग्य मापाच्या दाबयंत्राने तारेवर घट्ट दाबले जाते. हातोडीने ठोकलेली जोडणी बाहेरून घट्ट दिसली तरी आत पोकळ राहते. दाबलेल्या भागावर चिकट अस्तराची आकुंचन नळी बसवल्यास ओलावा आत जात नाही. थिंबल थेट खांबाच्या तळाशी टेकले पाहिजे. मध्ये स्टीलचे वायसर घातल्यास सर्व धारा त्यातून जाते व जोडणी तापते. वायसरची जागा थिंबलावर, नटाखाली असते. एका खांबावर चारपेक्षा जास्त थिंबले बसवली जात नाहीत. त्याहून जास्त तारा असल्यास तांब्याची स्वतंत्र जोडपट्टी वापरतात.

बसवण्याची पद्धत

१. बॅटरीवरील प्रत्येक तारेला क्रमांकाची पट्टी लावून ती कोठे जाते याची नोंद केली जाते व यंत्रणेचा आराखडा कागदावर काढला जातो.

२. सर्व उपकरणे बंद करून ऋण अग्राची तार सोडवली जाते आणि अग्र व तार यांच्यामध्ये मल्टिमीटर जोडून अपव्ययाची धारा मोजली जाते. साध्या मल्टिमीटरची मर्यादा सहसा १० अँपिअर असल्याने या स्थितीत इंजिन सुरू केले जात नाही.

३. प्रभारक व सौर पट्ट्या अलग केल्या जातात. त्यानंतर धन अग्राची तार सोडवली जाते. हा क्रम महत्त्वाचा आहे. ऋण तार आधीच सुटलेली असेल, तर धन अग्रावरील पाना चुकून इंजिनाला टेकला तरी परिपथ पूर्ण होत नाही. ऋण तार जोडलेली असताना तोच पाना शॉर्टसर्किट घडवतो.

४. स्विच आडभिंतीवर गंजरोधक स्क्रूंनी पक्का केला जातो. पातळ फळी असल्यास मागे आधाराची पट्टी दिली जाते.

५. बॅटरीच्या धन अग्रापासून स्विचच्या एका खांबापर्यंत नवी जाड तार नेली जाते. स्टार्टरची तार दुसऱ्या खांबाला जोडली जाते.

६. दिवे व इतर उपकरणांच्या मुख्य तारेला फ्यूज बसवून तीही दुसऱ्या खांबाला जोडली जाते. बॅटरीवर राहिलेल्या इतर सैल तारा फ्यूज पेटीत हलवल्या जातात.

७. बिल्ज पंप, गजर व प्रभारक यांच्या तारा आपापल्या फ्यूजसह बॅटरीच्या बाजूस ठेवल्या जातात व त्यांवर स्पष्ट खूण केली जाते.

८. तारा घासणार नाहीत अशा रीतीने ठरावीक अंतरावर बांधल्या जातात. आडभिंतीतून जाताना रबरी कडे वापरले जाते. धन खांबांवर विद्युतरोधक टोप्या बसवल्या जातात.

९. स्विच ‘बंद’ ठेवून प्रथम धन व शेवटी ऋण तार जोडली जाते.

चाचणी

स्विच बंद असताना प्रत्येक उपकरण चालू करून पाहिले जाते. थेट जोडलेल्या उपकरणांखेरीज काहीही चालता कामा नये. त्यानंतर तरंगता खटका हाताने उचलून बिल्ज पंप चालतो याची खात्री केली जाते. स्विच बंद ठेवून अपव्ययाची धारा पुन्हा मोजली जाते. ती केवळ थेट जोडलेल्या उपकरणांइतकीच असावी.

शेवटी स्विच चालू करून इंजिन सुरू केले जाते व स्टार्टर फिरत असतानाच स्विचच्या दोन खांबांमधील विद्युतदाब मोजला जातो. चांगल्या स्विचवर तो व्होल्टच्या काही शतांशांपासून सुमारे एका दशांशापर्यंत असतो. तो बराच अधिक असल्यास जोडणी सैल आहे किंवा संपर्क सदोष आहे असे समजले जाते.

वापर व देखभाल

इंजिन चालू असताना स्विच बंद करणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. अल्टरनेटर बॅटरीला प्रभारित करत असताना जोडणी तुटली, तर त्याचा विद्युतदाब एकदम उसळतो. त्यामुळे अल्टरनेटरमधील डायोड व नौकेतील इलेक्ट्रॉनिक उपकरणे जळू शकतात. म्हणून प्रथम इंजिन थांबवून मगच स्विच बंद केला जातो. आगीच्या प्रसंगी मात्र उपकरणांच्या नुकसानीचा विचार गौण ठरतो. निवडक स्विचमध्ये एका बॅटरीवरून दुसरीवर जाताना ‘बंद’ स्थिती ओलांडली जाणार नाही याची काळजी घेतली जाते.

स्विच महिन्यातून एकदा काही वेळा फिरवल्यास संपर्कांवरील थर निघून जातो. वर्षातून एकदा नट तपासून आवळले जातात व थिंबलांवरील हिरवट गंज साफ केला जातो. दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या नौकेची बॅटरी स्विच बंद असला तरी दर एक-दोन महिन्यांनी प्रभारित करावी लागते. काही तास विश्रांती दिलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा विद्युतदाब १२.६ व्होल्टच्या आसपास असल्यास ती पूर्ण प्रभारित व १२ व्होल्टच्या जवळ आल्यास जवळजवळ रिकामी समजली जाते. बचाव नौकांच्या बाबतीत ही मोजणी मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसापूर्वी होणे विशेष महत्त्वाचे असते.

मर्यादा व गैरसमज

• कट-ऑफ स्विच फ्यूजचे काम करत नाही. शॉर्टसर्किट झाल्यावर तो आपोआप तुटत नाही. त्यासाठी माणसाला तो फिरवावा लागतो.

• स्विच बंद केल्याने चालू डिझेल इंजिन सहसा थांबत नाही. जुन्या डिझेल इंजिनातील ज्वलन संपीडनाने होते व इंधनपंप यांत्रिक असतो. काही इंजिनांमध्ये थांबवण्याच्या साधनालाच वीज लागते. तेथे वीज तोडल्यास इंजिन बटणाने थांबवता येत नाही व इंधन हाताने बंद करावे लागते.

• स्विच बॅटरीचे स्वयंविसर्जन थांबवत नाही.

• दोरीने ओढून सुरू होणाऱ्या लहान बाह्य इंजिनांना बॅटरी लागतच नाही. बटणाने सुरू होणाऱ्या काही बाह्य इंजिनांतही दोरीची पर्यायी सोय असते. बॅटरी उतरलेली असताना ती उपयोगी पडते, परंतु ती बॅटरीच्या देखभालीला पर्याय नाही.

मानके व कायदा

लहान नौकांच्या विद्युत यंत्रणेसाठी आयएसओ १३२९७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०२० च्या आवृत्तीत एकदिश व प्रत्यावर्ती अशा दोन्ही यंत्रणांचा समावेश आहे. ज्वलनरोधक विद्युत साधनांसाठी आयएसओ ८८४६ हे मानक वापरले जाते. अमेरिकेतील अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल या संस्थेचे ई-११ हे मानकही जगभर संदर्भासाठी वापरले जाते. त्यानुसार फ्यूज सर्वसाधारणपणे वीजस्रोतापासून ७ इंचांच्या, म्हणजे सुमारे १७५ मिलिमीटरच्या आत असावा लागतो. थेट बॅटरीला जोडलेली तार संरक्षक नळीतून नेल्यास हे अंतर ७२ इंचांपर्यंत वाढवता येते. स्टार्टरच्या तारेला फ्यूजच्या अटीतून सूट आहे. त्यामुळे बॅटरी ते स्टार्टर या सर्वांत जाड तारेचे नियंत्रण प्रत्यक्षात कट-ऑफ स्विचवरच अवलंबून राहते.

भारतात नद्या व जलाशयांवरील यंत्रचलित नौकांची नोंदणी आणि तपासणी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार होते. या अधिनियमाने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. महाराष्ट्रात बंदरे व जलवाहतुकीशी संबंधित काम १९९६ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते.

हेही पाहा

• शिसे-आम्ल बॅटरी
• फ्यूज
• अल्टरनेटर
• वर्धा नदी
• वर्धा जिल्हा
• आपत्ती व्यवस्थापन